वीतभर उंचीचा हिशेब : खाजण-पुनरुज्जीवनाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

फाइल आज हाती आली. पहिल्याच पानावर ‘उद्दिष्ट’ असा रकाना आणि त्यात एकच आकडा, लावायच्या खारफुटीच्या रोपांचा. पाण्याला रकाना नाही, मातीला नाही, जमिनीच्या उंचीला तर नाहीच.

जागा म्हणजे खाजणाचा, भरतीखाली येणाऱ्या दलदलीचा, बांध घालून खाडीपासून तोडलेला जुना तुकडा. बांधाला पाण्याच्या ये-जेसाठी एकच उघाडी, तिची झडप गंजून अर्धवट अडकलेली. त्यामुळे पाणी आत येतं उशिरा आणि बाहेर जातं त्याहून उशिरा. बांधाबाहेर तिवर, चिपी, कांदळ अशी दाट खारफुटी. आत मधोमध उघडा चिखल, कडेला मिठाचे पापुद्रे. आत यापूर्वी तीनदा रोपं लावली आणि तिन्ही वेळा मेली. तीन अहवालांत कारणं तीन: गुरं, वादळ, ‘रोपांचा निकृष्ट दर्जा’. एकाच जागी तीनदा रोपं मेल्यावर जागेचा दर्जा तपासावा असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

१६ जानेवारी

आठवडाभर फक्त वाचन. इतरांनी कुठे मार खाल्ला ते आधी पाहायचं ठरवलं होतं. फार शोधावं लागलं नाही.

फिलिपीन्सचा २००८ चा आढावा, प्रिमाव्हेरा आणि एस्तेबान यांचा. सुमारे ४४,००० हेक्टरवर लागवड झाली आणि जगली १० ते २० टक्के. लावली ती बहुतेक कांदळाच्या कुळातली रोपं, कारण त्यांच्या लांबलचक शेंगा गोळा करायला सोप्या आणि चिखलात खुपसल्या की काम झालं. लावली कुठे, तर खालच्या उघड्या चिखलपट्ट्यांवर आणि समुद्री गवताच्या कुरणांवर, जिथे खारफुटी कधी नव्हतीच. वरची, योग्य उंचीची जमीन मत्स्यशेतीच्या तळ्यांखाली गेलेली. खालच्या चिखलावर कुणाचा दावा नाही, म्हणून लागवड तिथे. जागा निवडली ती झाडाच्या गरजेने नव्हे, मालकीच्या कागदाने.

श्रीलंकेत कोडिकारा आणि सहकाऱ्यांनी (२०१७) २३ ठिकाणं पाहिली. त्यांतल्या ९ ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. लागवड १,००० ते १,२०० हेक्टरवर, टिकलेली २०० ते २२० हेक्टरवर. तिथेही चुकीची उंची, आणि लावून झाल्यावर कुणी फिरकलं नाही म्हणून गुरं. तेव्हा आमच्या फाइलमधली गुरं अगदीच खोटी नसावीत. पण गुरांच्या आधी पाणी.

२७ जानेवारी

पौर्णिमेनंतरची उधाणाची ओहोटी गाठून बाहेरच्या झाडीत सर्वेक्षण. प्रश्न साधा: निरोगी झाडांतलं सर्वात खालचं कोणत्या उंचीवर आहे आणि सर्वात वरचं कोणत्या? हीच आमची संदर्भ-जागा. आत काय जगेल हे बाहेर जे जगतंय त्यालाच विचारायचं.

उत्तर मिळालं नाही. लेव्हल म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, तिच्या तिकाटण्याचे पाय दर दोन मिनिटांनी चिखलात जात होते. आम्ही बुडबुडा पुन्हापुन्हा मध्ये आणत राहिलो आणि मान हलवत वाचनं घेत राहिलो. संध्याकाळी बांधावरच्या बेंचमार्कवर, म्हणजे जिथून मोजणी सुरू केली त्या पक्क्या खुणेवर, परत आलो तर ९ सेंटिमीटरचा फरक. दिवसभराच्या ४० वाचनांवर काट मारली. इमारतीच्या पायाला सुद्धा इतकी चूक चालत नाही, आणि इथे सगळा मामलाच काही सेंटिमीटरांचा.

१२ फेब्रुवारी

तिकाटण्याखाली फळ्या घातल्या. बेंचमार्कवर परतल्यावर फरक ६ मिलिमीटर. बरं वाटलं.

होडीवाल्या काकांनी वेगळीच युक्ती सांगितली. “भरती थांबते ना, तेव्हा घटकाभर पाणी हलत नाही. तुमच्या दुर्बिणीपेक्षा तेच सरळ.” बरोबर आहे. छोट्या परिसरात स्तब्ध भरतीच्या पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. बांबूच्या काठ्यांना खडू फासून बाहेरच्या झाडांत रोवल्या. पाणी चढलं तिथवर खडू धुतला गेला. प्रत्येक बुंध्याची खोली त्या रेषेवरून मोजली आणि लेव्हलच्या वाचनाशी ताडली. दोन सेंटिमीटरच्या आत जमलं. बांधाच्या आत मात्र ही युक्ती चालत नाही, आतलं पाणी अडकलेलं आणि स्वतःच्या मर्जीचं.

४ मार्च

पाण्याची पातळी नोंदवणारे दोन लॉगर तीन आठवड्यांपूर्वी बसवले होते, एक बाहेर, एक आत. आज उघडले. हे लॉगर पाण्याची उंची मोजत नाहीत, दाब मोजतात, आणि त्या दाबात डोक्यावरच्या हवेचाही दाब मिसळलेला असतो. हवेत एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे पाण्याच्या साधारण एका सेंटिमीटरचा फरक. म्हणून तिसरा लॉगर कोरड्यात, हवेत टांगायचा असतो. तो टांगायचा राहिला. कुणाचा? माझाच. पेटीत कोरा करकरीत बसून होता.

जवळच्या हवामान केंद्राच्या दाबाच्या नोंदी घेऊन दुरुस्ती केली. आजपासून तिसरा बांधावरच्या खांबाला बांधून ठेवला आहे, कुलूप लावून.

२२ मार्च

पातळी आणि उंची अखेर एकत्र बसवल्या. आजची नोंद लांबणार.

खारफुटीच्या बाबतीत उंची म्हणजे खरं तर वेळ. अमुक जागा दिवसातून, महिन्यातून किती काळ पाण्याखाली असते, म्हणजे तिचा बुडीत काळ. मलायातल्या जंगलांत वॉटसन यांनी १९२८ सालीच महिन्यात किती भरत्या एखाद्या जागी पोचतात यावरून पाच वर्ग पाडले होते आणि कोणती झाडं कोणत्या वर्गात येतात ते दाखवलं होतं. पुढे फ्लोरिडात रॉबिन लुईस यांनी वेस्ट लेकच्या सुमारे ५०० हेक्टरांवर हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरलं. आधी जमीन योग्य उंचीवर आणा, ओहोळ मोकळे करा, बिया आपोआप येतील. त्यांनी दिलेला ढोबळ आकडा असा की खारफुटी एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असते. पाण्याची ये-जा शाबूत असेल आणि बिया पोचत असतील तर बिघडलेलं जंगल १५ ते ३० वर्षांत स्वतःच सावरतं, असं त्यांनी २००५ मध्ये मांडलं. म्हणजे आधी विचारायचा प्रश्न ‘किती रोपं लावू’ हा नव्हे. ‘इथे आपोआप का उगवलं नाही’ हा.

आमच्याकडे बाहेरची सर्वात खालची झाडं ३० टक्क्यांच्या आसपासच उभी आहेत. आकडा इतका जुळल्यावर उलट शंकाच आली, म्हणून हिशेब दुसऱ्या माणसाकडून करून घेतला. जुळतोय.

आणि आतली जमीन? या सर्वात खालच्या झाडांच्या रेषेपेक्षा सरासरी २२ सेंटिमीटर खाली. वीतभर! उघाडी पूर्ण खुली केली तरी आतला चिखल ४० टक्क्यांहून जास्त वेळ बुडालेला राहील. तीनदा लावलेली रोपं या वीतभर फरकाने बुडवून मारली. वादळाने नाही.

जमीन खाली का गेली तेही उघड आहे. बांध घातल्यापासून बाहेर दर भरतीला गाळ बसत राहिला आणि आत तो आलाच नाही. शिवाय माती सुकली, हवा लागली, तिच्यातला सेंद्रिय भाग कुजून उडून गेला, उरलेलं दबलं. बाहेरची जमीन वर चढली, आतली खाली बसली.

१५ एप्रिल

उंची वाढवायचा सोपा मार्ग डोक्यात होता: आतलेच ओहोळ खोल खणायचे, निघालेल्या मातीचे उंचवटे करायचे. मातीच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी तो आज मोडीत काढला.

त्यांनी वीतभर खालचा चिखल काढून हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. उकळी फुटल्यासारखा फेस आला, वाफ निघाली. म्हणजे पायराइट. खाऱ्या चिखलात गंधक आणि लोह मिळून ते तयार होतं आणि पाण्याखाली असेपर्यंत गुपचूप राहतं. उघडं पडून हवा लागली की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. कडेच्या सुकलेल्या मातीत गवताच्या काडीसारखे पिवळे ठिपके आहेत, ते जॅरोसाइट. तिथे हे आधीच घडून गेलं आहे.

ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ईस्ट ट्रिनिटीला १९७० च्या दशकात उसासाठी असाच बांध घातला होता. माती आम्लारी झाली, ओढ्यांत मासे मेले. पुढे भरतीचं पाणी थोडंथोडं आत सोडून आणि त्यात चुना मिसळून ती जमीन सावरावी लागली. समुद्राच्या पाण्यात स्वतःचीच थोडी आम्ल पचवण्याची ताकद असते, तिचा तिथे उपयोग केला.

ताईंची अट: “वरची वीतभर काय हलवायची ती हलवा. त्याखाली फावडं जाता कामा नये.” म्हणजे एक वीत कमी आहे आणि दुसरीला हात लावायचा नाही.

१४ मे

समितीची बैठक. पाणी आणि उंचीचे तक्ते मांडले. पहिला प्रश्न: “रोपं कधी लावणार?” दुसरा: “तीन वर्षांत पूर्ण होईल ना?”

दुसऱ्यासाठी मोरेनो-मातेओस आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास दाखवला. जगभरातल्या ६२१ पाणथळ जागांचा ताळा. शंभर वर्षांनंतरही पुनरुज्जीवित जागांत सजीवांची रचना मूळ जागांपेक्षा सरासरी २६ टक्के आणि मातीतल्या कार्बन-नायट्रोजनसारख्या चक्रांचं काम २३ टक्के कमी भरतं. सभागृह गप्प झालं. ‘पूर्ण’ हा शब्द कुणी पुन्हा काढला नाही, हा माझा आजचा एकमेव विजय.

पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून सॅन दिएगोची गोष्ट सांगितली. तिथे महामार्ग रुंद करताना आणि पूरनियंत्रणाचा कालवा काढताना खाजण गेलं, त्याची भरपाई म्हणून नवं बांधलं. लाइट-फुटेड क्लॅपर रेल नावाचा, पाणकोंबडीच्या कुळातला एक दुर्मीळ पक्षी तिथे घरटी करेल अशी अपेक्षा. कॉर्डग्रास लावलं, उगवलं, लांबून हिरवंगार दिसलं. पक्षी आले नाहीत. जॉय झेडलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गवताची उंचीच मोजली. या पक्ष्याचं घरटं भरतीबरोबर तरंगतं आणि उंच गवताच्या ताटांना अडकून जागेवर राहतं. नव्या खाजणातलं गवत पुरेसं उंच नव्हतं. का? कारण तळाची माती गाळ उपसून टाकलेली, भरड वाळूसारखी, नायट्रोजन धरून न ठेवणारी. खत घातलं तेव्हा गवत उंच झालं, खत थांबलं की पुन्हा ठेंगणं. त्यात गवताला खवले-कीड लागली, आणि ती खाणारे भुंगेरे या बुटक्या गवतात टिकेनात, कारण भरतीत आसरा घ्यायला पाण्यावर डोकावणारी पातीच नव्हती.

झेडलर मंडळींनी मोजणी हिरवेपणावर सोडली असती तर तो प्रकल्प यशस्वी ठरून बंद झाला असता. एक सदस्य म्हणाले, “पण आपल्याकडे तो पक्षी नाही.” चहा आला.

निर्णय: रोपांचा आकडा कायम, पण लागवड वर्षभर पुढे. मिळालं तेवढं घेतलं.

१० जून

वीत कशी भरायची? तीन वाटा.

बाहेरून माती आणणे. इंग्लंडमधल्या वॉलेसी बेटावर लंडनच्या क्रॉसरेल बोगद्यांतली ३० लाख टन माती बोटींनी नेऊन जमीन उंच केली आणि २०१५ मध्ये समुद्र आत घेतला. आमच्याजवळ बोगदा नाही.

कुडाचे सच्छिद्र बंधारे घालून गाळ अडवणे. जावातल्या देमाकला २०१५ पासून हे मोठ्या प्रमाणावर केलं. लाटा मंदावल्या, गाळ साचला, काही ठिकाणी तिवर आपोआप उगवली. पण भूजल उपशामुळे तिथली जमीनच दर वर्षी अनेक सेंटिमीटर खचत होती, आणि गाळाला ती शर्यत जिंकता आली नाही. तंत्र चुकलं नव्हतं. पायाखालची जमीन कोणत्या वेगाने जाते हे आधी बघायला हवं, हा धडा मी उचलला.

तिसरी वाट: बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पाडून खाडीलाच गाळ आणू देणे. इथल्या पाण्यात गाळ भरपूर आहे. बाटलीत भरून रात्रभर ठेवलं तर तळाशी जाड थर बसतो. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा बेलँड्सला १९९६ मध्ये बंदरातला उपसलेला गाळ मुद्दाम अंतिम उंचीपेक्षा कमीच भरला, म्हणजे वरचा थर भरतीनेच घालावा आणि ओहोळही तिनेच कोरावेत. तिथे बाहेर जोडणारी वाहिनी सुरुवातीला अरुंद होती. पाणी ती खोल करील असा अंदाज होता, ते झालंही, पण अपेक्षेपेक्षा कितीतरी सावकाश. तोवर आतली भरती दबलेलीच राहिली.

तिसरी वाट घेतो आहे. तोंड अरुंद ठेवायचं नाही.

८ जुलै

उंची मोजायची दांडी बसवली. स्टेनलेस स्टीलचे तुकडे एकमेकांत पिळत जमिनीत ठोकायचे, पुढे जाईना झाले की थांबायचं. त्या स्थिर दांडीवर आडवा हात बसतो, त्यातून ९ बारीक कांब्या चिखलाला टेकवायच्या. चार दिशांना फिरवून ३६ वाचनं. दर वेळी त्याच ३६ ठिकाणी, म्हणून एक-दोन मिलिमीटरचा बदलही कळतो. आत तीन आणि बाहेर दोन ठिकाणी बसवल्या.

नियम एकच: दांडीजवळ पाय ठेवायचा नाही. माणसाच्या पावलाचा ठसा पाच सेंटिमीटर खोल, म्हणजे कित्येक वर्षांचा गाळ एका पावलात. फळीवर पालथं पडून वाचनं घेतली. पाहुणे म्हणून आलेल्या एका साहेबांनी फोटोसाठी थेट दांडीशेजारी उडी मारली. त्या बाजूची ९ वाचनं कायमची बाद.

१९ सप्टेंबर

खांड कुठे पाडायची? जुन्या हवाई छायाचित्रात बांधाआधीचा मुख्य ओहोळ पुसटसा दिसतो. काकांनी चित्र न बघता बांधावर चालत जाऊन काठी टेकवली: “इथून होडी जायची.” अंतर पडलं चार पावलांचं.

ओडिशातल्या चिलिका सरोवराचं इथे आठवलं. मुख गाळाने सरकत गेलं, खारं पाणी येईना, गोड्या पाण्यातलं तण माजलं, मासळी घटली. नवं मुख कुठे असावं याचा अभ्यास पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने प्रतिकृतींवर केला, आणि सप्टेंबर २००० मध्ये ते उघडलं. क्षारता आणि मासळी दोन्ही सावरली. २००२ मध्ये धोक्यातल्या रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतून चिलिकाचं नाव निघालं. तिथे रोपं लावायचा प्रश्नच नव्हता, सगळं एका तोंडावर अवलंबून होतं.

उलटी चूकही टाळायची आहे. तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खारफुटीत पूर्वी झाडं सरसकट तोडलेल्या भागांत जमीन बशीसारखी खोलगट झाली. पाणी आत शिरे पण निघेना, सुकून मिठागर होई. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने माशाच्या काट्यासारखे कालवे खणून ते पाणी हलतं केलं. आमची जागाही बशीच आहे. म्हणून खांडीचा तळ आतल्या सर्वात खोल भागाच्या पातळीला नेणार, पाणी येण्यापेक्षा जाण्याची काळजी जास्त. उथळ चर काढायचे, पण ताईंची वीत ओलांडायची नाही.

२४ ऑक्टोबर

भांगाच्या, म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वात कमी असतो तेव्हाच्या, ओहोटीला खांड पाडली. उधाणात पाडली असती तर पहिल्याच लोंढ्याने बांधाचे काठ नेले असते. यंत्राने शेवटची माती उचलली आणि पाणी गुडघाभर खोल धारेने आत आलं. आवाज फारसा झाला नाही. बघायला जमलेले लोक अर्ध्या तासात कंटाळून गेले.

३ नोव्हेंबर

अमावस्येनंतरचं उधाण. बाहेर भरती शिगेला पोचली त्यानंतर २० मिनिटांत आतही. पूर्वी हा फरक दोन तासांहून जास्त होता. पाण्याच्या सामूचं (पीएचचं) वाचन पहिल्या दोन दिवसांत कडेला घसरलं, तिसऱ्या दिवशी सावरलं. ताईंना रात्री फोन केला. त्या म्हणाल्या, “आता झोपा.”

१२ डिसेंबर

गाळाचा थर ओळखण्यासाठी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी भुकटी अंथरली होती. वर गाळ बसला की काप घेऊन पांढऱ्या रेषेच्या वर किती आहे ते मोजायचं. खांडीजवळची पांढरी चादर पहिल्याच उधाणात धुऊन गेली. मागच्या दोन शाबूत. जागा दाखवणाऱ्या बांबूच्या खुंट्यांपैकी पाच कुणीतरी उपटून नेल्या, सरळ बांबू कुणाला नको असतो?

निवटे, चिखलावर सरपटणारे मासे, आले आहेत. खेकड्यांची बिळं खांडीपासून आत सरकताहेत.

६ फेब्रुवारी २०२५

कार्बनबद्दल, म्हणजे या जागेमुळे हरितगृह वायू किती घटतील याबद्दल, विचारणा आली. थोडक्यात कळवलं: अडकलेल्या, गोड्या होत चाललेल्या पाण्यातून मिथेन निघतो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तो दबतो. पॉफेनबार्गर आणि सहकाऱ्यांनुसार (२०११) क्षारता हजार भागांत १८ च्या वर गेली की उत्सर्जन बरंच कमी होतं. आमची कोरड्या दिवसांत त्याहून वर असते, पावसात नाही. तेव्हा वर्षभर मोजल्याशिवाय आकडा देणार नाही. परत पत्र आलं नाही.

३० एप्रिल

सहा महिन्यांचं वाचन. मधल्या ठिकाणी पांढऱ्या रेषेवर गाळ ३१ मिलिमीटर, पण कांब्यांनुसार जमीन चढली फक्त १९. उरलेले १२ कुठे गेले? ताजा गाळ स्वतःच्या वजनाने दबतो आणि खालचाही दाबतो. नुसती भुकटी वापरली असती तर दीडपट फुगलेला आकडा आनंदाने कळवला असता.

मागच्या कोपऱ्यात चढ जवळजवळ शून्य. गाळ तिथवर पोचायच्या आधीच बसून जातो.

वर समुद्रही चढतो आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे २००६ ते २०१८ मध्ये जागतिक सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटर. सेंटिलन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या गाळाच्या नोंदींवरून दाखवलं की स्थानिक पातळी वर्षाला ६.१ मिलिमीटरपेक्षा वेगाने चढू लागली की खारफुटीला उंची राखणं जवळजवळ अशक्य होतं. आत्ता आमचा गाळ या वेगाला मागे टाकतो, पण जमीन वर आली की बुडीत काळ घटतो आणि गाळही कमी येतो. सुरुवातीचा वेग पुढे ताणून वीत कधी भरेल याची तारीख काढायची नाही, हे वहीत लाल शाईने लिहिलं.

२२ जुलै

लुइझियानातला मिड-बॅरेटेरिया प्रकल्प अधिकृतपणे रद्द. मिसिसिपीचा गाळ वळवून खचत्या किनाऱ्याला परत देण्याचा, सुमारे तीन अब्ज डॉलरचा, ऑगस्ट २०२३ मध्ये काम सुरू झालेला. १९३२ पासून त्या राज्याने ४,८०० चौरस किलोमीटरांच्या आसपास जमीन गमावली आहे. खर्च वाढला, आणि गोडं पाणी आल्यावर कालवांची (शिंपल्यांची) शेती आणि मासेमारी बुडेल हा विरोध होताच. विज्ञान पक्कं होतं. पण ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांचा हिशेब विज्ञानाच्या तक्त्यात मावला नाही.

दिवसभर हेच डोक्यात. आमच्या खांडीमुळे बांधाआतल्या अडकलेल्या पाण्यातली मासेमारी गेली, ती करणारी चार-पाच कुटुंबं बैठकीला कधी बोलावलीच नव्हती. काकांकडून नावं घेतली. पुढच्या बैठकीत बसतील.

२४ सप्टेंबर

उधाणाने तिवराच्या बिया खांडीतून आत ओढल्या. भरतीरेषेवर हिरव्या बियांची मेखला पडली आहे, साल गळून आतली दलं उघडी. हात न लावता परतलो.

१ ऑक्टोबर

भांग. वरच्या पट्ट्यावर गेले काही दिवस पाणी चढलेलं नाही. बाल्के आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिवराच्या रोपांवर दाखवलेलं नेमकं हेच: बी रुजायला आधी काही सलग दिवस पाण्याशिवाय हवेत, मुळं लाटांचा धक्का सोसण्याइतकी लांब व्हावीत, आणि त्यानंतर चिखल ढवळून उकरला जाईल तोवर ती आणखी खोल जावीत. संधीची एक फट उघडते आणि मिटते. एक रोप अलगद उपटून मुळं मोजली: साडेतीन सेंटिमीटर.

१० ऑक्टोबर

पौर्णिमेचं उधाण होऊन गेलं. वरच्या पट्ट्यावरच्या तीन चौकटींत आधी ६४ रोपं होती, आज ४१ उभी. खालच्या पट्ट्यावर, जिथे जमीन अजून अर्धी वीत कमी आहे, २९ होती, २ राहिली. तीनदा लागवड झाली ती याच खालच्या पट्ट्यावर.

मागच्या कोपऱ्यात बी पोचलंच नाही. गाळ बसला नसला तरी तिथे उंची मुळातच बरी आहे, म्हणून मंजूर रोपांतली थोडी तिथे लावू, पण ओळीत अंतर ठेवून नाही, घोळक्याने. सिलिमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दलदली गवत दाट पुंजक्यांत लावून पाहिलं, तर वाढ आणि टिकणं सरासरी १०७ टक्क्यांनी वाढलं. शेजारी शेजाऱ्याच्या मुळांना हवा पुरवतो आणि लाट अडवतो. खारफुटीत तेवढंच मिळेल असं नाही, म्हणून निम्मी पुंजक्यांत, निम्मी ओळीत, आणि दोन्ही मोजायची.

समितीला पाठवलेल्या अर्जात ‘रोपांची संख्या’च्या शेजारी ‘बुडीत काळ’ असा रकाना मागितला आहे. उत्तर नाही. तोवर पेन्सिलने मीच आखून घेतला. पुढचं उधाण २२ तारखेला. खालच्या पट्ट्यावरच्या दोन रोपांना खुणेच्या काड्या लावल्या आहेत, बांबूच्या नाहीत.